राक्षसाने कसं मरावं

महादू तात्या वर्षातून एकदाच मरतात, शिमग्यात. पण मरतात ते पोटभर.

पोलादपूरकडच्या आमच्या वाडीत देवाची पालखी सहाणेवर, म्हणजे गावच्या चौथऱ्यावर, बसली की संध्याकाळी नमनाचा खेळ होतो आणि त्यातला राक्षस म्हणजे तात्याच. देवाची तलवार छातीत शिरली की भरलेला ट्रक कशेडी घाट चढावा तसे ते आधी घरघरतात. मग उठून बसतात आणि आपली पापं गाऊन सांगतात. मध्येच पुढच्या पोरांना "गप बसा रे, मरतोय ना मी!" म्हणून दटावतात आणि पुन्हा आडवे होतात. एरवी माणूस इतका मवाळ, की शेजारची कोंबडी भातात शिरली तरी "जा गो बाय" म्हणणार.

यंदा त्यांचा पुतण्या किशोर मुंबईहून नमन मंडळाचा कारभारी होऊन आला. आल्या आल्या त्याने सगळ्यांना जीपमध्ये कोंबून महाडला पिक्चरला नेलं. त्यातला हिरो कुऱ्हाड घेऊन निघतो आणि मध्यंतरापर्यंत गावच रिकामं करतो. अंधारात तात्यांचा आवाज आला, "अरे, मरताना बोल की कायतरी!" अख्खं थेटर हसलं. किशोर खुर्चीत खाली सरकला.

परतताना जीपमध्ये जुंपली.

"तात्या, मीनिंग हाय त्यात. बापाला मारलंय त्याच्या. तो गुस्सा समजून घ्या ना यार."

"गुस्सा एकाचा, नि मेलं गाव? एकाला तरी सांगू द्यायचं, माझं हे हे चुकलं म्हणून. आणि त्या हिरोला घाम तरी आला काय रे?"

"आणि तुम्ही? छातीत तलवार, नि गाणी म्हणता! ते रियल?"

"तलवार पुठ्ठ्याची हाय. गाणं खरं हाय."

मागून काशीकाकू, तात्यांची बायको, तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "दोघांचं पण खोटं. मला घाट लागतोय, पुढं बसू द्या."

दुसऱ्या दिवशी किशोरने फर्मान काढलं. राक्षस पिक्चरसारखा मरेल. एक घाव, रक्त, खलास. गाणं कट. "जमणार नसेल तर राक्षस मी करतो."

तात्या दिवसभर शिंगांना रंग देत बसले. वाळला की पुन्हा देत. शेवटी म्हणाले, "करतो." राक्षस हातचा जाण्यापेक्षा मुका बरा.

किशोरने कुंकवाच्या पाण्याच्या दोन पिशव्या तात्यांच्या सदऱ्याखाली बांधल्या. एक छातीवर आणि ती फुटली नाही तर म्हणून दुसरी काखेत. आमच्याकडे तालमीला बायकांना येऊ देत नाहीत, त्यामुळे काकूंना हे कुणी सांगितलंच नाही.

घाव बसला. लाल धार उडाली. तात्या एक शब्द न बोलता कोसळले. मृदंग थांबला.

"आवो!"

काकू पदर खोचून धावल्या. पालखीपुढच्या ताटातली हळद त्यांनी मूठभर उचलली, देव झालेल्या राजेंद्रला बाजूला ढकललं आणि हळद तात्यांच्या छातीवर दाबली. "किशोऱ्या, मेल्या, खरी तलवार दिलीस व्हय रे!"

राक्षसाने एक डोळा उघडला. "कुकू हाय गो."

"मग बोलत का नाय तुम्ही?"

"बोलायचं नाय असं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

पडदा हलला. त्यामागून किशोरचा बारीक आवाज आला, "काकी, पण इफेक्ट बघा ना कसला आला!"

"इफेक्ट गेला खड्ड्यात! इतकी वर्षं मरतायत, कधी भ्या वाटलं नाय. गाण्यात कळायचं ना, माणूस बरा हाय म्हणून!"

मागून कुणीतरी ओरडलं, "गाणं!" मग सगळी सहाणच ओरडायला लागली. किशोर डोकं खाजवत बाहेर आला. मृदंगवाल्याच्या मांडीवरचा मृदंग त्याने स्वतःकडे ओढला आणि बरोबर त्या गाण्याचाच ठेका धरला. लहानपणापासून पाठच होता त्याला.

"राजेंद्रा, घे तलवार," तात्या म्हणाले. "पहिल्यापासून मरतो."

लाल-पिवळे झालेले तात्या घरघरले, उठले, पापं गायले, मग त्यांनी पोरांना दटावलं. शेवटच्या ओळीला किशोरकडे बघून त्यांनी काख दाबली. दुसरी पिशवी फुटली आणि धार थेट पहिल्या रांगेवर गेली. शिट्ट्यांनी सहाण दणाणली. सगळ्यात मोठी शिट्टी किशोरची.

काकूही टाळ्या वाजवत होत्या. वाजवता वाजवता म्हणाल्या, "सदरा मात्र किशोऱ्यानं धुवायचा."