वरणाचा डाग

शॉमबर्गच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तळघरात सगळ्यांची मिळून एक लॉन्ड्री आहे. तिथे रविवारी एक काका भेटतात. त्यांचे कपडे धुऊन झाले की ते मशीन एकदा रिकामं फिरवतात आणि मगच म्हणतात, "हं, आता टाक गं." मला हे सोवळं वाटायचं आणि डोक्यात जायचं.

काकांनी उमेदीची वर्षं युरेनियमच्या कारखान्यात काढली. तिथे खनिज दळून, ॲसिडमध्ये विरघळवून शेवटी त्याची पिवळी पावडर पिंपांत भरायचे. काकू फुप्फुसांच्या आजाराने गेल्या.

परवा मी मुलीच्या फ्रॉकवरचा वरणाचा डाग चोळत होते. काकांनी फ्रॉक जवळजवळ हिसकावूनच घेतला, नाकाशी नेला. "हळद आहे," म्हणाले आणि बाकावर बसले.

"तुझी काकू माझे कामावरचे शर्ट आधी घरातच झटकायची, मग असेच हातांनी चोळायची. म्हणायची, डबा खाताना किती सांडता हो!"

"मग तुम्ही काय म्हणायचात?"

काका फ्रॉकची घडी घालत राहिले.

"म्हणायचो, उद्यापासून नीट खाईन."