लाल बटण कोणी दाबलं?

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी सॉफ्टवेअर लिहिते. भूत म्हटलं की मला एवढंच सुचतं... कोणीतरी टेस्टिंगचं लॉगिन बंद करायला विसरलंय!

बडोद्यातल्या एका विद्यापीठासाठी आम्ही पोर्टल करत होतो. निम्मी मुलं वर्गात, निम्मी घरी, लेक्चर एकच. कळलं नाही तर मोबाइलवर लाल बटण दाबायचं, कळलं तर हिरवं. सरांच्या स्क्रीनवर लगेच दिसतं. आयडिया माझीच, त्यामुळे मिरवत होते जरा.

गाडी अडली कर्णिक सरांपाशी. संख्याशास्त्राचे प्राध्यापक, सुभानपुऱ्यातले आमचे शेजारी. कॅमेऱ्यासमोर त्यांची दातखीळच बसायची. उभ्या नोकरीत दुसऱ्या दिवशीचं लेक्चर ते आदल्या संध्याकाळी बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, ऐकवत आले. काकू गवार मोडत ऐकायच्या. नाही कळलं की सरळ नकारार्थी मान हलवायच्या, मग सर उदाहरण बदलायचे. गेल्या वर्षी काकू गेल्या.

"काचेला काय शिकवू, केतकी?" सर म्हणाले. राजीनामा लिहून खिशात घेऊनच आले होते. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, सर, एकदाच ट्रायल करू, मग काय ते ठरवा.

भर दुपार, रिकामा वर्ग, आम्ही दोघंच. लॉगिन एकच — माझं. फोन टेबलावर पालथा.

सरांनी अडखळत नमुना निवडीची व्याख्या सांगितली. स्क्रीनवर लाल! मी फोन पाहिला, तो तसाच पालथा. सरांनी कारखान्यातल्या बल्बचं उदाहरण घेतलं. पुन्हा लाल. मी घाईघाईनं कोड उघडला. सर मात्र थांबले, चष्मा पुसला आणि हळूच म्हणाले, "बरं. वरण आहे. नीट ढवळलंस, तर मीठ बघायला एक चमचा पुरतो. पातेलंभर कशाला प्यायचं?"

हिरवं.

मग सर जे सुटले! गवार, भाकरी, कोपऱ्यावरची शेवउसळ... सगळं संख्याशास्त्रात आलं. मध्येच लाल, मग हिरवं. काचेशी इतक्या मायेनं बोलणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

संपल्यावर मी त्यांना नीट समजावलं, की हे सर्व्हरमुळे होतं, जुनं सेशन अडकतं, कॅशेतला डेटा परत येतो वगैरे. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि स्क्रीनकडे बोट दाखवलं.

लाल.

सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "हे दुरुस्त करू नकोस गं," म्हणाले, आणि राजीनाम्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उद्याचे मुद्दे लिहायला बसले.

नंतर मी अख्खा कोड उसवून पाहिला. काही म्हणता काही सापडलं नाही. तुमच्यापैकी कोणाला कारण माहीत असेल तर जरूर सांगा... फक्त शक्यतो स्वयंपाकघरातलं उदाहरण देऊन सांगा. माझं काकूंना कळलं नाही.