दिराचा शब्द

माझ्या विधवा बहिणीला तिच्या दिराने पहिल्यांदा मारले ते शेतात. तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या गावात ज्वारीची सोंगणी झाली की गरीब बाया सरवा वेचत, म्हणजे मागे पडलेली कणसे गोळा करत. बहीण आणि तिची म्हातारी सासू त्यावरच जगत. दीर म्हातारीचाच धाकटा मुलगा. दोघींना घरात घ्यायची त्याची तयारी नव्हती, पण वहिनी लोकांच्या शेतात वेचते याची लाज मात्र वाटे. त्याने तिला वेणीला धरून ओढले. धसकटांनी तिच्या पोटऱ्या फाटल्या. शेताचा मालक मध्ये पडला, तर त्याच्याही पाठीत काठी बसली.

मालक चाळिशीचा, एकटा, कमी बोलणारा. आम्ही सगळे ख्रिस्ती. बायबलातली ती गोष्ट आम्हाला पाठ होती: परमुलखातली विधवा सून सासूला सोडत नाही, सरवा वेचते. शेतमालकाला ती आवडते, पण तिच्याशी लग्नाचा ज्याचा आधी हक्क, त्या नवऱ्याकडच्या नातलगाला तो चारचौघांत विचारतो. नातलग हक्क सोडतो आणि खूण म्हणून पायातली चप्पल काढून देतो.

मालकाला बहीण हवी होती, बहिणीला तो. मी अमरावतीच्या कॉलेजातून सुटीवर आलो होतो. म्हणालो, "अकोल्याला जा अन् नोंदणी करून मोकळे व्हा."

"मंग लोक तिले पळून गेली म्हणतीन," तो म्हणाला.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर त्याने सर्वांदेखत दिराला हात जोडून विचारले.

दिराने चप्पल काढली आणि त्याच्या तोंडावर हाणली. हाणतच राहिला. ओठ फाटला, दात तुटला, सदरा रक्ताने भिजला. जोडलेले हात मालकाने सोडले नाहीत. शेवटी चप्पलच हातातून निसटून धुळीत पडली.

"घ्या, भेटली चप्पल," एक म्हातारा हसला. "लागा लग्नाले."

मालकाने ती उचलली, धोतराने पुसली आणि दिराच्या पायाशी ठेवली. "हा मार हाये, भाऊ. मले तुमचा शब्द पाहिजे."

दिराने छातीत लाथ घातली. मालक उताणा पडला. आणखी एक लाथ बसली तेव्हा हाड मोडल्याचा आवाज आम्ही ऐकला.

म्हातारी पोरापुढे जाऊन उभी राहिली. "तिले अन् मले घरात घेतं काय? आताच सांग."

"नाई घेत. मरा तिकडं दोघीबी. त्याच्याच घरी मरा."

"ऐकलं ना सगळ्यायनं?" म्हातारी म्हणाली.

मालकाला बोलता येत नव्हते. पडल्या जागेवरून त्याने दिराला पुन्हा हात जोडले. बहिणीने त्याला एका बाजूने धरले, म्हातारीने दुसऱ्या. तिघे त्याच्या घराकडे निघाले. पुढे त्याच घराने मला बी.ए. केले.