इंग्लंडच्या सामन्याचं कर्जतहून समालोचन

सासूबाई गेल्यावर सासरे आमच्याकडे कर्जतला राहायला आले. सगळी नोकरी भिवपुरीच्या वीजकेंद्रात झालेली, यंत्रांच्या घरघरीत. तिथे कुणाला फारसं बोलायची सवयच लागत नसावी. मी विचारायची, "बाबा, चहा टाकू?" ते म्हणायचे, "टाक." झालं, संपलं संभाषण. नवऱ्याची साजगावच्या कारखान्यात शिफ्ट, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी घरात आम्ही दोघंच. मी शाळेच्या वह्या तपासत बसायची आणि ते टीव्हीवर इंग्लंडमधली फुटबॉल लीग बघायचे. तरुणपणी क्वार्टर्सच्या मैदानावर ते स्वतः खेळायचे, हे मला नवऱ्याकडून कळलं होतं. बाबा स्वतःहून थोडंच सांगणार!

एका ऑगस्टमध्ये लीग सुरू झाली आणि नेहमीच्या वाहिनीवर भलतंच काहीतरी लागलं. बाबांनी केबलवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, त्यांचे हक्क संपले. आता दुसऱ्या कंपनीनं घेतलेत. मोबाईलवर ॲप टाका."

फोन ठेवून बाबा माझ्याकडे वळले. "खेळणारे तेच, मैदान तेच. मग बघायचे हक्क कसले विकतात गं?"

इतका लांब प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदाच विचारला होता. मी माहिती काढली. काही वर्षांसाठी लिलाव होतो, देशादेशाचे हक्क वेगळे विकले जातात, एका देशात दिसतं ते दुसऱ्या देशात दिसेलच असं नाही. मी ॲप घेतलं, टीव्हीला जोडलं आणि आमचे शनिवार पुन्हा सुरू झाले. मी मधूनमधून ऑफसाइड म्हणजे काय वगैरे विचारू लागले. तेही थोडक्यात उत्तर द्यायचे.

शेजारी हार्डवेअरचं दुकान चालवणारे भाई राहतात. मूळचे किनारपट्टीकडचे, पण दोन पिढ्या इकडेच. त्यांची बहीण इंग्लंडमध्ये दिली आहे. एका शनिवारी ते आमच्या दारात आले, कानाला फोन तसाच.

"काका, तुमच्याकडं म्याच चालू हाय का? आमचे दाजी विचारतायत."

"ते तर तिथंच राहतात ना?" मी म्हटलं.

"तिथं दिसत नाय म्हणे. मैदानाच्या मागच्या गल्लीत घर हाय, पण टीव्हीवर बंदी!"

खरंच होतं ते. शनिवारी दुपारचे सामने लोकांनी मैदानावर जाऊन बघावेत, म्हणून त्या देशात ते टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. दाजींचा गुडघा कामातून गेलेला, थंडीत पायऱ्या चढून बसणं जमत नव्हतं. तिकडे दुपार, आमच्याकडे दिवेलागण होऊन गेलेली, आणि सामना मात्र कर्जतला.

भाई म्हणाले, "फोन टीव्हीसमोर धरू का?"

"नको," बाबा म्हणाले. "ते हक्कांत बसत नाय. दाखवायचं नाय." मग फोनसाठी हात पुढे करून म्हणाले, "सांगायला कोण अडवतो? आण इकडं."

फोन कानाला लावून ते सुरुवातीला अडखळले. "हां… निळेवाले पुढं चाललेत. गेला चेंडू बाहेर." मग हळूहळू रंगात आले. वीजकेंद्रातले शब्द आपसूक यायला लागले. "उजव्या बाजूनं प्रेशर वाढतंय… वाढतंय… अरे, ट्रिप झालं! गोलकीपरनं उचलला." भाई हसून खुर्चीतच वाकले. माझ्या वह्या तशाच राहिल्या.

मध्येच फोनमधून दाजी ओरडले, "काका, बाहेर मैदानात केवढा आवाज झाला! काय झालं?"

टीव्हीवर चेंडू अजून मधल्या रेषेपाशीच घुटमळत होता. आमच्यापर्यंत चित्र उशिरा पोचत होतं, दाजींच्या खिडकीतून आवाज मात्र ताबडतोब येत होता.

"आमच्याकडं अजून काय नाय झालं," बाबा म्हणाले. "थांब. बघून सांगतो."

आम्ही तिघंही टीव्हीकडे डोळे लावून बसलो. काहीतरी होणार हे माहीत होतं, काय ते माहीत नव्हतं. एक लांब पास, एक धाव, आणि चेंडू खांबावर आदळून बाहेर गेला.

"खांब!" बाबा फोनमध्ये ओरडले. "खांबाला लागला रं!"

"या अल्ला," तिकडून आवाज आला, आणि मग दोघेही हसत सुटले.

तेव्हापासून दर शनिवारी फोन येऊ लागला. सामना संपला तरी ठेवला जात नसे. दाजी खोपोलीच्या शाळेत शिकलेले, त्यांना इकडचं सगळं हवं असायचं. पळसदरीच्या धरणात पाणी किती, कुठला रस्ता झाला. बाबा सविस्तर सांगायचे. आतल्या खोलीत बसून ते बोलणं ऐकताना मला बरं वाटायचं.

मागच्या हिवाळ्यात दाजी काठी टेकत आमच्याकडे आले. बाबांनी नवा सदरा घातला होता. भाईंच्या घरून खिम्याचे समोसे आले, मी पोहे केले. सामना लागला आणि बाबा एकदम गप्प. पाहुण्याला समोर दिसतंय, मग सांगायचं काय?

दाजींनी थोडा वेळ बघितलं, मग टीव्हीचा आवाज बंद केला.

"काका, तुमी बोला ना," ते म्हणाले. "हा इंग्रजीवाला लय फास्ट बोलतो."

बाबांनी घसा खाकरला, खुर्ची जरा पुढे ओढली आणि सुरुवात केली. समोसे गरम होते तोवर मी सगळ्यांच्या ताटल्या भरल्या आणि माझी घेऊन त्यांच्या शेजारी बसले. त्या दिवशी दाजींचा, म्हणजे आता आमचाही, संघ हरला. जेवायला बसल्यावरही त्या दोघांचं भांडण चालूच होतं, गोलकीपर बदलायला हवा होता की नाही यावर.