कोणत्या काळाला किती पानं

खरं लिहिणाऱ्यांच्या सोबत बसलं की किस्से आपोआप साचतात. आमची मंडळी जळगावात दर रविवारी सकाळी एका वाचनालयात जमते. जो तो आपल्या आयुष्याचं पुस्तक लिहितोय आणि मी मास्तरकी करत कापाकापी करतो. वाद मात्र एकाच गोष्टीवरून होतात: कोणत्या काळाला किती पानं द्यायची!

*

बोदवडचे भाऊ रिटायर्ड स्टेशनमास्तर. पहिल्याच पानावर त्यांनी लिहिलं, 'लग्न झाले, तीन मुले झाली, संसार सुखाचा झाला.' पुढची अकरा पानं एका मालगाडीवर, ती सत्तावीस मिनिटं लेट झाली म्हणून!

"भाऊ, वहिनींना फक्त एक ओळ?"

"सर, ती कधी लेट झालीच नाही!"

*

धुळ्याचे नाना भूगोल शिकवायचे. त्यांनी सुरुवात केली लाव्हारसापासून. तो थंड झाला, त्याची काळी माती झाली, तापीला पूर येऊन गेले. चाळीस पानं झाली तरी नानांचा पत्ता नाही.

"नाना, आता जन्म घ्या," मी हात जोडले.

"घाई करू नका सर. आजून मन्ही मायनं लगीन बी व्हयेल नही शे!"

*

असोद्याच्या अक्कांना मात्र खरोखर घाई होती. त्यांच्या मालकांना, आबांना, विसरण्याचा आजार लागलाय. "मले वयखतात तोवर बठ्ठं वाचून दाखवायचंय," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. आबा ओळखतायत तोवर सगळं पुरं व्हायला हवं होतं.

अक्का वर्षं मोजतात केळीच्या बागांवर. थोरला अमुक बागेला झाला, तमुक बागेला त्याचं लग्न. मी एक बाग म्हणजे एक वर्ष धरून सगळं नीट मांडून दिलं. त्या हिशेबात थोरला अकराव्या वर्षीच बोहल्यावर चढला!

"सर, कापनीनंतर त्याच खुंटाले पिलबाग येते ना? ते वरीस कोन मोजीन?" अक्का पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

*

पुढे त्यांचं बाड आलं. पन्नास वर्षांचा संसार सहा पानांत, आणि एकच दिवस तीस पानं! लग्नानंतर दोघं मुक्ताईनगरला गेले होते. परतीची बस चुकली आणि संध्याकाळपर्यंत स्टँडवरच बसून राहिले. घरात माणसांचा राबता, त्यामुळे एकमेकांशी धड बोलायला मिळालं ते त्याच दिवशी.

मी समजावलं, "अक्का, दिवस गोड आहे, पण प्रमाण बिघडतंय. पाच पानांत आणा."

अक्कांनी बाड उचलून पिशवीत घातलं. पुढच्या रविवारी तो दिवस अडतीस पानांचा करून आणला, आणि बस अजून आलीच नव्हती! माझा आवाज चढला.

"अक्का, ही बस येणार तरी कधी?"

"सर, त्याईले आता तेवढाच दिवस आठवते. रोज सकायी उठून इचारतात, 'बस आली का वं?' मी म्हनते, अजून नाही. आन् आनखी एक पान लिहिते."