मुळ्यांचं रजिस्टर

“आमचा आकडा कापला का साहेब?” मुळे दारातूनच म्हणाले. सकाळच्या एसटीनं आले होते. काखेत कापडात बांधलेलं रजिस्टर.

कापला होता. मी शहरात जिल्हा औषध भांडारात फार्मासिस्ट होतो. मुळेही फार्मासिस्टच, सोयगाव तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात. केंद्रं दरवर्षी औषधांची मागणी पाठवत. निम्मंच मिळतं म्हणून सगळे दुप्पट मागत, आणि सगळे दुप्पट मागतात म्हणून मी निम्मं कापत असे.

त्या दुष्काळी वर्षी खरेदी पहिल्यांदाच ई-टेंडरनं होणार होती. पुरवठादारांनी दर कॉम्प्युटरवर भरायचे आणि ठरलेली वेळ होईपर्यंत ते कोणालाच दिसणार नाहीत. दरांची लाखेनं सीलबंद पाकिटं फोडण्यात वर्षं घालवलेल्या मला हे अद्भुत वाटत होतं. मात्र एकदा डिजिटल सही झाली की मागणी ‘फ्रीझ’. मग वर्षभर बदल नाही. पाच वाजता आमच्या भांडार अधिकारी मॅडम सही करणार होत्या.

“सगळ्यांचाच कापलाय, मुळे.”

“सगळ्यांनी दुप्पट मागितलं आसंल. म्या नाय.” त्यांनी रजिस्टर उघडलं. “टँकरचं पाणी पिऊन लेकरं जुलाबानं येत्यात. ओआरएसची पाकिटं मागल्या साली उन्हाळ्याच्या आधीच संपली.”

प्रत्येक पाकिटापुढं लेकराचं नाव आणि गाव होतं. पाकिटं संपल्यावरही नावं थांबली नव्हती. त्यांच्यापुढं एवढंच लिहिलं होतं: दिलं नाही. दिलं नाही. पानंच्या पानं.

मी मुळ्यांना आत नेलं आणि रजिस्टर मॅडमपुढं ठेवलं.

“फार्मासिस्ट आहात की तलाठी?” त्या मुळ्यांकडं पाहून हसल्या. “तुम्हीही दुप्पट मागायचं होतं. कापून बरोबर आलं असतं.”

“खोटंच ल्ह्यायचं तर हे कशाला ठेवू, मॅडम?”

मॅडम पानं उलटत राहिल्या. हसू मावळलं. “यांचा आकडा पूर्ण करा,” त्या मला म्हणाल्या. मी केला. मग त्यांनी सही केली.

माल पूर्ण आला. त्या उन्हाळ्यात मुळ्यांच्या केंद्रात ओआरएस संपलं नाही.

पुढच्या साली वर्षभराचा खप पाहून कॉम्प्युटरनं प्रत्येक केंद्राची गरज स्वतःच काढली. इतरांच्या मागणीपासून ती कोसभर लांब होती. मुळ्यांनी पेनानं लिहून पाठवलेला आकडा आणि यंत्राचा आकडा यांत मूठभर पाकिटांचा फरक होता. मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. जे यंत्र पाहून मी थक्क होत होतो, त्याचं काम हा माणूस इतकी वर्षं एकट्यानं करत होता.

स्क्रीनवरच्या त्या पानाची मी प्रिंट काढली. मुळे मंगळवारी यायचे होते, त्यांना दाखवायची होती. सोमवारी केंद्रातून फोन आला. मुळे झोपेतच गेले होते.

प्रिंट अजून माझ्या कपाटात आहे. नव्या फार्मासिस्टांना मी सांगतो, कोणाचीही मागणी कापण्याआधी रजिस्टर मागवा. त्याआधीच्या अकरा वर्षांत मी ते एकदाही मागवलं नव्हतं. मुळ्यांनाच ते घेऊन यावं लागलं.