एकवीस लाल ओळी

ग्लेनिस टॅम्ब्लिन ब्लफ बंदराच्या कचेरीत कारकून असतानाच तिने भरती-ओहोटीच्या वेळा काढणारा प्रोग्राम लिहायला घेतला आणि पुढची अठरा वर्षं तो सांभाळला. प्रोग्राम फुकट होता. कुणीही आतून उघडून बघावा, चूक दिसली तर सुधारून पाठवावी. जगभरातली चाळीसेक माणसं हातभार लावायची, पण नवी आवृत्ती बाहेर पडायची ती ग्लेनिसने होकार दिल्यावरच. त्याआधी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर छापील तक्ते पसरून, पेन्सिलीने, दरवेळी पाच बंदरं हाताने तपासायची. त्यात दोन दिवस जायचे. कुणी घाई केली तर म्हणायची, "समुद्र कुठे पळून चाललाय का? मग तूही बस जरा."

साठी उलटली, नवरा गेला, आणि तिच्या मनात एक किडा वळवळू लागला. तिची आई याच वयात माणसं विसरायला लागली होती. एकदा तिचा स्वतःचा चष्मा फ्रीजमध्ये सापडला. शेजारणीला तिने तो विनोद म्हणून सांगितला आणि घरी येऊन रडली.

अशात पोरिरुआची लोसा फालेआफा हातभार लावायला आली. बाई कामाला वाघ. तिने सुचवलं की आता चाचण्या लिहून ठेवू. प्रोग्राममध्ये कुणी काही बदललं की मशीन आपणहून, टिपून ठेवलेल्या बरोबर उत्तरांशी ताडून, सगळी बंदरं तपासेल. बरोबर असेल तर हिरवी ओळ, चुकलं तर लाल. लाल दिसत असेपर्यंत काही म्हणजे काही बाहेर जाणार नाही.

"आणि मी काय करायचं? मोजे विणू?" ग्लेनिसने फोनवर विचारलं.

"आराम करा ना, आंटी. किती वर्षं एकटीने वाहिलंत."

"आराम काय, मेल्यावर पुष्कळ मिळेल गं."

तरी ती हो म्हणाली. खरं तर तिला सुटल्यासारखंच वाटलं. उद्या आपलं डोकं दगा द्यायला लागलं तर पहाऱ्याला कुणीतरी असेल. लोसाने तीन आठवड्यांत एकोणीसशे चाचण्या लावल्या. सगळ्या हिरव्या. चाळीस माणसांनी वाहवा केली. एवढी बरोबर उत्तरं तिने तीन आठवड्यांत आणली कुठून, हे मात्र एकाही शहाण्याने विचारलं नाही. ग्लेनिसनेही नाही.

पण खोड सहजी जात नाही. फेब्रुवारीत नवी आवृत्ती निघायची होती, तेव्हा तिने कुणाला न सांगता पाच बंदरं काढलीच. त्यात हॅरोज क्रीक हे इवलंसं बंदर आलं. तिचा दीर वॉटी शेती विकून गेल्याच वर्षी तिथे राहायला गेला होता. पेन्सिलीचं उत्तर आणि प्रोग्रामचं उत्तर यांत वर्षातले एकवीस दिवस बरोबर एका तासाचा फरक येत होता. कारणही तिला सापडलं. मागे सरकारने उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे आणि नंतर मागे करायचे रविवार बदलले, तेव्हा तिने सगळ्या बंदरांची नोंद सुधारली होती, हे एक सोडून. तिथले जुने कोळी पाणी डोळ्यांनी वाचतात, तक्ता बघतो कोण? म्हणून कुणाला पत्ता लागला नव्हता.

तिने प्रोग्राममधली ती ओळ सुधारली. पडद्यावर एकवीस लाल ओळी आल्या.

तिने परत हिशेब केला. उत्तर तेच आलं. पुन्हा केला. तरी तेच. एका बाजूला एकोणीसशे चाचण्या, दुसऱ्या बाजूला फ्रीजमध्ये चष्मा ठेवणारी म्हातारी. लोसाला विचारावं असं मनात आलं, पण लाज वाटली. पोरगी म्हणेल, आंटीचं आता झालं. तिने जुनी ओळ जशीच्या तशी परत घातली. सगळं हिरवं झालं, आणि तिने आवृत्ती बाहेर सोडली.

मार्चच्या शेवटच्या बुधवारी वॉटी मासे घेऊन परतत होता. भरतीच्या दोन तास आधीपासून खाडीच्या तोंडातून होडी आत घ्यायची, ही तिथली रीत. शेडच्या दारावर ग्लेनिसने छापून दिलेला तक्ता होता. सकाळी त्यात बघून तो निघाला होता. भरती तक्त्याहून तासभर मागे होती, पाणी कमी निघालं. होडी वाळूच्या दांड्याला टेकली, मागून लाट आली आणि होडी त्याच्या पायावर उलटली. लोकांनी त्याला बाहेर काढलं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

ग्लेनिसने लोसाला फोन लावला. "ती बरोबर उत्तरं तू कुठून घेतली होतीस?"

"तुमच्याच प्रोग्राममधून, आंटी." लोसा गोंधळली. "तो चालवला आणि जे आलं ते बरोबर म्हणून टिपून ठेवलं. जुन्या प्रोग्रामला सगळे असंच करतात, म्हणजे पुढे कुणी काही बिघडवायला नको. तुम्ही हाताने तपासलेला होता ना तो! काय झालं?"

ग्लेनिसला उमगलं. एकोणीसशे साक्षीदार म्हणून जे उभे होते, ते सगळे म्हणजे ती स्वतःच होती. चुकीचीही राखण चोख चालली होती.

तिने पेन्सिलीची एकवीस उत्तरं चाचण्यांमध्ये घातली, ओळ सुधारली, आवृत्ती सोडली आणि इन्व्हरकार्गिलच्या इस्पितळात गेली.

"तू रडू नकोस गं," वॉटी म्हणाला. "समुद्र आहे, फसवतो कधीकधी. तक्ता तुझा होता म्हणून मी डोळे झाकून आत शिरलो, हाच माझा गाढवपणा."

गप्प बसली असती तरी चाललं असतं. त्याने तिला कधीच माफ करून टाकलं होतं.

"वॉटी, तक्ता चुकीचा होता. मला फेब्रुवारीतच कळलं होतं. मी सुधारलाही होता, आणि परत चुकीचा केला."



"कुणाचं ऐकून असं केलंस?"

"माझंच," ती म्हणाली. "जुनं."

वॉटीने पांघरूण पोटापर्यंत ओढलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.